मोघे डॉक्टरांच्या मशीनला काय काय लागतं

सातारच्या शनिवार पेठेत होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारे डॉक्टर चिंतामण मोघे हे मुळात घाईचे गृहस्थ नव्हते. औषध जितकं पातळ करावं तितका त्याचा जोर वाढतो असं मानणाऱ्या शास्त्रात घाई शोभतही नाही. पण पंचाण्णव सालच्या थंडीत ते सांगलीला एका परिषदेला गेले. तिथं एका तरुण डॉक्टरनं रोग्याची लक्षणं कॉम्प्युटरमध्ये घातली आणि कॉम्प्युटरनं शेकडो औषधांतून नेमकं एक निवडून पडद्यावर आणलं. हेच औषध मोघ्यांनी मनातल्या मनात आधीच निवडलं होतं. पण ते मनातल्या मनात असल्यामुळे टाळ्या कॉम्प्युटरला मिळाल्या. परतीच्या एसटीत त्यांच्या पत्नीही होत्या; भावाला भेटायला म्हणून त्या सांगलीला सोबत आल्या होत्या. कऱ्हाडच्या स्टँडवर उसाचा रस पिताना ते पत्नीला, चारुशीलाबाईंना, म्हणाले, "आपणही एक घ्यायचा."

"निम्मा निम्मा करू," चारुशीलाबाई म्हणाल्या. "दुसरा आख्खा मला जाणार नाही."

"मी कॉम्प्युटरबद्दल बोलतोय!"

चारुशीलाबाईंनी रसाचा ग्लास खाली ठेवला आणि तेव्हापासून त्यांनी या विषयात मत देणं सोडलं. मत न देण्याची त्यांची एक पद्धत होती आणि ती मतापेक्षा जास्त लागायची.

चारुशीलाबाईंचा धाकटा भाऊ पुष्कर सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्यानं पलूसच्या एका कुक्कुटपालन संस्थेचा जुना कॉम्प्युटर मिळवून दिला आणि पुण्याहून 'रोगदर्पण' नावाचा प्रोग्रॅमही मागवला. प्रोग्रॅम एका गुळगुळीत खोक्यातून आला. खोक्यावर आरसा, आरशात वैद्य, वैद्याच्या मागे उगवता सूर्य. पुष्करच्या बोलण्यात 'फक्त' हा शब्द फार. "भाऊजी, तुम्ही फक्त फ्लॉपी घालायची आणि फक्त एक बटण दाबायचं," तो म्हणाला.

कुणीही शहाण्या माणसानं घरी एकदा गुपचूप फ्लॉपी घालून पाहिली असती. पण नवी वस्तू मुहूर्ताआधी फोडायची नाही, हा मोघे घराण्याचा नियम. त्यांनी आधी पत्रकं छापली. 'साताऱ्यात प्रथमच! कॉम्प्युटरद्वारे अचूक औषधनिवड. गुढीपाडव्याच्या शुभमुहूर्तावर.' पत्रकं सकाळच्या वर्तमानपत्रांतून घरोघर गेली, आणि दवाखान्याच्या दारात 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटीही लागली. देवळाखेरीज ही पाटी त्या गल्लीत पहिलीच.

पाडव्याला दवाखाना माणसांनी भरला. सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर शेजारचे बाळासो काटकर बसले होते. बाळासो सैन्याच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि जगात तारेवर चालणारं जे जे काही आहे त्याबद्दल त्यांचं मत तयार असे. त्यांच्या शेजारी म्हसवडच्या भामाबाई. या मोघ्यांच्या जुन्या रोगी. गळ्यात गोळा अडकलाय, गिळला तर जात नाही, खाकरला तर येत नाही, ही त्यांची तक्रार. नाक-कान-घशाच्या डॉक्टरनं बल्ब लावून आत पाहिलं होतं, काही नव्हतं. मोघे दर महिन्याला पुड्या देत आणि विचारत, "फरक आहे का?" भामाबाई म्हणत, "फरक हाय की. पन गोळा बी हाय." मशीन आलं की नेमकं औषध सापडेल असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्या दहिवडीला गाडी बदलून सणाच्या दिवशी आल्या होत्या. पुरणपोळी फडक्यात बांधून.

नारळ फुटला. डॉक्टरांनी फ्लॉपी घातली, बटण दाबलं. मशीन आतल्या आत कण्हल्यासारखं करू लागलं. मग पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. ओळ तीच होती. डॉसची आवृत्ती चालणार नाही.

"काय म्हनतंय?" भामाबाईंनी विचारलं.

"डॉस म्हणजे... त्याची मूळ प्रकृती म्हणा. ती जुनी आहे म्हणतंय."

"आमच्या सारकीच की," भामाबाई म्हणाल्या. "मंग माजं?"

"पुढच्या वेळी नक्की."

"डॉक्टर," बाळासो गंभीरपणे म्हणाले, "नारळ डाव्या अंगाला फोडला तुमी. पावर सप्लाय उजवीकडं हाय."

लोक पेढे खाऊन, पादत्राणं शोधत गेले. दोन जणांची बदलली.

पुष्करला फोन केला तेव्हा तो जराही हलला नाही. "काळजीच करू नका. भाऊजी, एक तपासणीची फ्लॉपी आहे. ती घातली की मशीनमध्ये काय काय आहे, काय काय नाही, सगळं एकदम सांगते. आधी तपासणी, मग उपचार. तुमच्याच शास्त्रासारखं." हे वाक्य डॉक्टरांना फार आवडलं. फ्लॉपी सांगलीहून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती आली. डॉक्टरांनी ती घातली. मशीन कण्हलं. पडद्यावर ओळ आली: ही तपासणी चालवण्यासाठी डॉसची नवी आवृत्ती आवश्यक आहे.

रक्त तपासायला गेलेल्या माणसाला, आधी बरा होऊन ये, मग तपासतो, असं सांगावं, त्यातलाच हा प्रकार. डॉक्टरांनी हे वाक्य चारुशीलाबाईंना म्हणून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. "मोहरी आहे का ते बघून मी तेल तापत ठेवते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि हे मत नाही असं दाखवण्यासाठी पुन्हा भाजीकडे बघू लागल्या.

शेवटी मशीनलाच सांगलीला न्यायचं ठरलं. पडदा घरी ठेवून नुसतं खोकं जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून डॉक्टर स्टँडवर गेले. गाडी पोवई नाक्याच्या पुढे गेल्यावर कंडक्टर आला.

"ह्ये काय?"

"कॉम्प्युटर."

कंडक्टरनं खिशातून सामानाचा तक्ता काढला आणि बोट फिरवलं. "रेडिओ हाय, शिलाई मशीन हाय, सायकल हाय, कोंबड्यांची पाटी हाय. कॉम्प्युटर न्हाई."

"मग तिकीट लागणार नाही?"

"तिकीट लागनार न्हाई म्हंजे नेता येनार न्हाई."

डॉक्टरांनी विज्ञानयुगाबद्दल चार शब्द सांगितले. कंडक्टरनं ते ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त एक रकाना हवा होता. त्यानं खोक्यावर टिचकी मारली आणि विचारलं, "वाजतंय का ह्ये?"

"सुरू करताना जरा वाजतं."

"मंग हार्मोनियम," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं सुटकेचा श्वास टाकून तिकीट फाडलं.

हे मागच्या बाकावरच्या फेटेवाल्या आजोबांनी ऐकलं. उंब्रज आलं तसे ते पुढे वाकले. "बुवा, कुटं कार्यक्रम हाय?" डॉक्टर म्हणाले, "सांगलीला." खोटं तर काही नव्हतं. "मंग एखादा अभंग होऊ द्या की. गाडी बी लय झोपाळलीया." आता हार्मोनियमचं तिकीट हातात असताना मी बुवा नाही असं म्हणायचं, तर कंडक्टरशी नवा वाद. डॉक्टरांनी गळ्याला हात लावला आणि कुजबुजत्या आवाजात, "बसलाय," म्हणाले. आजोबांनी कनवटीची खडीसाखर काढून त्यांच्या तोंडात घातली आणि गाडीतल्या सर्वांनी आवाजावर एकेक उपाय सांगितला. काढा, हळद, ज्येष्ठमध, गरम वाळूचा शेक. सातारच्या नामांकित डॉक्टरनं हे सगळं सांगलीपर्यंत मान हलवत ऐकून घेतलं, कारण एक शब्द बोलायची सोय उरली नव्हती.

सांगलीत पुष्करनं नवा डॉस घातला. मग कळलं की 'रोगदर्पण'ला विंडोज लागतं. विंडोज घातलं, तर त्याला जास्त मेमरी लागते. मेमरीची पट्टी मिळाली, तर ती खाचेत बसेना. पुष्करनं ती "फक्त जरा" दाबली. एका वेळी एकच उणीव सांगायची, ती भागली की दुसरी काढायची, असा त्या प्रोग्रॅमचा स्वभावच होता. डॉक्टरांना असे रोगी ठाऊक होते. सगळं सांगून, पुड्या घेऊन उठायचं आणि दाराच्या कडीला हात लावून म्हणायचं, 'आणि हो, छातीतही दुखतं.'

तरी मशीन चालू लागलं; 'रोगदर्पण' पूर्ण उतरवणं तेवढं घरी करायचं ठरलं. डॉक्टर परत आले ते, कार्यक्रम रंगवून आलेल्या बुवासारखेच आले. पण घरी एक नवाच विकार दिसला. सकाळी मशीन छान चाले आणि दुपार कलली की मध्येच थिजून बसे. बाण हलेना, बटण ऐकेना. डॉक्टरांनी शांतपणे निरीक्षण केलं आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात धावत आले.

"चार ते आठ! बरोबर चारला बिघडतं आणि आठनंतर उतार पडतो! अगं, लायकोपोडियम!"

होमिओपॅथीत हे फार प्रसिद्ध लक्षण. संध्याकाळी चार ते आठ या वेळात वाढणारा त्रास म्हणजे लायकोपोडियम. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पुढच्या संध्याकाळी चारुशीलाबाई चहा घेऊन दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टर एक इवलीशी बाटली घेऊन फ्लॉपीच्या खाचेपाशी वाकले होते.

"अहो, काय करताय?"

"काही नाही," डॉक्टर ताठ होत म्हणाले. "धूळ बघत होतो."

बाळासोंनी मात्र आपला मीटर आणला आणि भिंतीतल्या प्लगमध्ये त्याच्या तारा खुपसल्या. संध्याकाळी गल्लीत पाण्याच्या मोटारी आणि टीव्ही एकदम सुरू होतात, म्हणून विजेचा दाब कमी होतो, असं निदान त्यांनी केलं. ते बरोबर निघालं. मात्र त्यावरचा त्यांचा उपाय होता गल्लीतल्या सगळ्यांनी चार ते आठ टीव्ही बंद ठेवण्याचा. त्यासाठी ते घरोघर गेले, आणि मोघे डॉक्टरांनी टीव्हीवर बंदी आणलीय अशी आवई उठून दोन जुने रोगी समोरच्या ॲलोपॅथीवाल्याकडे गेले. शेवटी वीज सावरून धरणारा एक जड लोखंडी डबा आणावा लागला. तो रात्रंदिवस मांजरासारखा गुरगुरायचा. भामाबाई पुन्हा येऊन, त्या डब्याला लांबूनच नमस्कार करून, पुड्या घेऊन गेल्या. "हुईल हुईल," उलट त्याच डॉक्टरांना धीर देत म्हणाल्या. "पोर बी आदी रांगतंय, मंग चालतंय."

आणि मग 'रोगदर्पण'नं दाराच्या कडीला हात लावला. पडद्यावर आलं: जागा अपुरी आहे.

मशीनच्या पोटात पलूसच्या कोंबड्या होत्या. आधीच्या संस्थेनं केलेल्या लसीकरणाच्या सगळ्या नोंदी, खुराड्यांसकट. पुष्कर फोनवर म्हणाला, "भाऊजी, फक्त कोंबड्या पुसायच्या." पण इथं डॉक्टरांचा स्वाभिमान आडवा आला. दुसऱ्याच्या दवाखान्यातल्या रोग्यांची माहिती, मग तो रोगी कोंबडी का असेना, विनापरवाना पुसणं त्यांच्या तत्त्वात बसेना. ते पलूसला गेले.

संस्थेचे चेअरमन हरिबा यांनी त्यांना द्राक्षं दिली, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमी सभ्य मानूस. पर असं कसं पुसायचं? ठराव लागतोय."

"कोंबड्या पुसायला?"

"आवं, सहकार हाय ह्यो."

संचालक मंडळाची सभा भरली. डॉक्टर बाहेरच्या बाकावर, पिंजऱ्यातल्या एका एकाकी कोंबड्यासमोर, बसून राहिले. आतून आवाज चढत होते. एक गट म्हणत होता, पुसा. दुसऱ्याला वाटत होतं, पुसायला सांगणारा माणूस विरोधी पॅनेलनं पाठवलाय. बऱ्याच वेळानं हरिबा घाम पुसत बाहेर आले.

"तडजोड झाली. अंड्याच्या कोंबड्या ठेवायच्या. मटनाच्या पुसा. त्या तशाबी आता ऱ्हायल्याल्या न्हाईत."

डॉक्टरांनी साताऱ्याला येऊन मटणाच्या कोंबड्या पुसल्या. पुसताना त्यांना उगीचच वाईट वाटलं. प्रोग्रॅमला तेवढी जागा पुरली.

आता पुन्हा फ्लॉपी घालायच्या, तर त्या होत्या खोक्यात, आणि खोकं होतं कपाटात. ते दिसायला इतकं देखणं होतं की, ओल लागू नये म्हणून डॉक्टरांनी ते पहिल्यापासून औषधांच्या कपाटात कुलपात ठेवलं होतं. फ्लॉपी काढायच्या, घालायच्या आणि परत तिथंच. आज किल्ली सापडेना म्हणून चारुशीलाबाईंनी आपल्या जुडग्यानं कपाट उघडलं. खोकं हातात घेतलं, सूर्य पाहिला, वैद्य पाहिला आणि उलटं केलं.

"अहो, इकडे मागे काहीतरी छापलंय. 'सुरू करण्यापूर्वी आवश्यक बाबी.' डॉस अमुक किंवा नंतरचा. विंडोज. मेमरी इतकी. मोकळी जागा इतकी. विजेचा दाब स्थिर असावा." त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "कोंबड्यांचं काही लिहिलेलं नाही, बाकी सगळं आहे."

डॉक्टरांनी खोकं हातात घेऊन पुन्हा सूर्याच्या बाजूनं फिरवलं.

"मागची बाजू," डॉक्टर मोठ्या कष्टानं म्हणाले, "मी जाहिरात समजून सोडून दिली होती. आणि तू तरी हे आधी का नाही वाचलंस?"

"कुलूप तुम्ही लावलं होतं," चारुशीलाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी डॉक्टर जेवताना ताटाकडेच बघत राहिले. पण संध्याकाळी 'रोगदर्पण' पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत विनातक्रार मशीनमध्ये उतरलं, आणि पडद्यावर आरसा, वैद्य आणि सूर्य उगवले. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. चारुशीलाबाईंनी ताटात आणखी एक पोळी वाढावी तशी त्यांच्या खुर्चीवर उशी आणून ठेवली.

या वेळी पत्रकं नाहीत, नारळ नाही. भामाबाई आल्या, पायताणं बाहेर काढली आणि पडद्यासमोर हात जोडून बसल्या. डॉक्टर इंग्रजी प्रश्न वाचून मराठीत सांगू लागले. प्रश्न तरी किती! तहान लागते का? ऊन सोसतं की सावली? कुशीवर झोपता की पाठीवर? स्वप्नात काय दिसतं?

"मेंढरं," भामाबाई लगेच म्हणाल्या.

'प्राणी' असं एक घर होतं. डॉक्टरांनी तिथं खूण केली. पुढचा प्रश्न आला: काही दुःख झालं आहे का, आणि ते कुणाला सांगितलं आहे का?

भामाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. डॉक्टर बटणावर बोट ठेवून थांबले. मशीन उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जात नसे, त्यामुळे त्यांनाही पुढे जाता येईना. हा प्रश्न आपण या बाईंना कधी विचारला होता का, हे त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना.

"माज्या तानाजीनं मेंढरं इकली," भामाबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "समदी. म्हाबळेश्वरला टॅक्सी घ्यायची म्हनून. घेऊ दे की. पोरगं सुकात ऱ्हावं. पन म्या बाजारला गेल्ते, आन् आले तवा मेंढरांचं वाडगं मोकळं. एक मेंढी लय हुशार हुती, माज्या हाकंला कळप सोडून यायची. तिला नुसतं बघितलं बी न्हाई म्या..."

एवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, डबा गुरगुरायचा थांबला आणि आरसा, वैद्य, सूर्य सगळे एका टिपक्यात गोळा होऊन विझले. भरलेली सगळी उत्तरं गेली. डॉक्टर, "अरे देवा," म्हणून उठणार होते. पण भामाबाईंना वीज गेल्याचं कळलंच नव्हतं. काळा झालेला पडदा आता लक्ष देऊन ऐकतोय असं वाटून त्या आणखी जवळ सरकल्या. मेंढी कोणत्या वर्षी झाली, दुष्काळात तिला खांद्यावरून कशी आणली, सून कशी चांगली आहे पण तिला हे सांगून काय कळणार, आणि तानाजीला बोललं तर तो टॅक्सी विकेल अशी भीती. सांगता सांगता त्या रडल्या. पदरात तोंड घालून, मोठ्यानं, बाहेरचे रोगी उठून उभे राहतील इतक्या मोठ्यानं. डॉक्टर उठले नाहीत. त्यांना दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी जवळचा कागद ओढला आणि लिहीत राहिले.

शेवटी भामाबाईंनी डोळे पुसले, पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायल्या. मग गळ्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "गेला की."

डॉक्टरांनी तरी पुड्या बांधून दिल्या, नेहमीच्याच. भामाबाईंनी त्या कनवटीला लावल्या, पण नमस्कार मशीनला केला.

म्हसवडात काय काय सांगितलं गेलं ते इथं साताऱ्यात बसून कळायला मार्ग नाही. पण पंधरवड्यानं, सोमवारी सकाळी, दवाखान्यासमोर एक जीप उभी राहिली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. फेटे, लुगडी, काठ्या. पायताणांचा ढीग बाळासोंच्या दारापर्यंत गेला आणि बाळासो काठी घेऊन वाहतूक नियंत्रणाला उभे राहिले. नेमकी त्या दिवशी सकाळपासूनच वीज नव्हती. डॉक्टरांनी बाहेर येऊन ते प्रामाणिकपणे सांगितलं. मशीन बंद आहे, वाटल्यास मी स्वतः तपासतो.

कुणी जागचं हललं नाही.

"डागदर," पुढचा एक दांडगा, मिशीवाला गडी अवघडून म्हणाला, "तुमी हायसाच की. पन भामाबाई म्हनली, त्येच्यापाशी बसून सांगितलं की हलकं हुतंय. आमी थांबतो."

बत्तीस वर्षांची प्रॅक्टिस, परिषदांतले निबंध, भिंतीवरची पदवी, सगळं डॉक्टरांच्या मनातून एकदा फिरून गेलं. आतल्या दारात चारुशीलाबाई उभ्या होत्या. त्यांनी काही मत दिलं नाही, फक्त पडद्यावरचं फुलाफुलांचं कापड काढून घडी घातली आणि एक खुर्ची त्या काळ्या काचेसमोर ओढून ठेवली. मिशीवाला येऊन बसला. मान खाली घालून, टोपी काढून.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि स्टूल जरा बाजूला, मशीनच्या मागे घेतलं.

"बोला," ते म्हणाले.

"तुमाला न्हवं," गडी संकोचून म्हणाला. "त्येला सांगतो."

"हो हो, त्यालाच सांगा," मोघे डॉक्टर म्हणाले. "घाई नाही. मी आपला नुसता लिहून घेतो."